पंपवाला फोटो

५ फेब्रुवारी
सकाळपासून तीन फोन, तिन्ही पुरुषांचे. पहिल्याला मॉडेलचे नंबर हवे होते. दुसऱ्याला ‘नुसतं बघायला’ यायचं होतं. तिसरा काही बोललाच नाही, श्वास घेत बसला. स्टुडिओच्या पाटीवर ‘फक्त महिलांसाठी’ असं ठळक लिहिलंय. जळगावचे पुरुष बहुतेक तो शब्द आमंत्रण म्हणून वाचतात.

दुपारी एक नवरी मुलगी, सोबत आई. आईला वाटलं होतं शालूतले फोटो असतील. मुलीने पिशवीतून काळा नाइटगाऊन काढल्यावर आई म्हणाली, मी बाहेर बसते, मला काही माहीत नाही. दोन तास बाहेर बसून तिने काही माहीत करून घेतलं नाही. निघताना मात्र हळूच विचारलं, माझ्या वयाच्या येतात का कोणी. येतात म्हटलं. तिने गुपचूप चपला घातल्या.

चार वर्षं झाली. एकीनेही या कामाचं नाव घेतलेलं नाही. इंग्रजी नाव उच्चारता येत नाही, मराठी उच्चारायचं नाही. ‘तसले फोटो.’ मी पण हल्ली तसंच म्हणते.

९ फेब्रुवारी
आज एक वेगळी आली. वैशाली, धुळ्याची, छत्तीस वर्षांची. धुळ्यात ओळखीचं निघेल म्हणून इकडे आली. घरी दाताच्या डॉक्टरचं सांगितलंय. एस.टी.तून चादरीत गुंडाळलेलं एक मोठं धूड घेऊन जिना चढली. रंजनाला (माझी मेकअपवाली, असोद्याहून स्कूटीवर येते) वाटलं सिलिंडर आणला. चादर सोडली तर फवारणीचा पंप. पाठीवरचा, सोळा लिटरचा.

मी मनात म्हटलं, आली अजून एक मोबाइलवर काहीतरी बघून.

तिच्या नवऱ्याचं कृषी केंद्र आहे. गल्ल्यावर हीच बसते. कपाशीवर कोणती अळी, कुठलं औषध, किती पाण्यात, हे शेतकरी हिला विचारतात. कंपनीचा सत्कार आणि सहल नवऱ्याला. दुकानावरच्या फलकावर नवऱ्याचा फोटो, कोट घातलेला. दुकानात औषध कंपनीचं कॅलेंडर लागतं, त्यावर पंप घेतलेली एक गोरी पोरगी. वैशाली म्हणाली, अकरा वर्षं बघतेय ताई, एकीला पंप धरता येत नाही, नोझल स्वतःच्याच तोंडाकडे. मला तसा फोटो काढायचाय, पण बरोबर धरून.

लाल ठिपक्यांचा गुडघ्यावरचा फ्रॉक तिने स्वतः शिवलेला. खाली गमबूट. नवऱ्याला द्यायचाय का, विचारलं. नाही म्हणाली. माझ्यापाशी ठेवणार. सगळ्या असंच म्हणतात आणि आठवड्यात नवऱ्याला दाखवून त्याचं तोंड बघत बसतात.

पहिला तास वाया. पोट आत, हनुवटी वर, पुतळा. मग रंजना पंपाचा पट्टा नीट करायला गेली आणि उलटा अडकवला. वैशालीने तो तिच्या हातून ओढून घेतला. ‘हाऊ पंप मना शे,’ म्हणाली, ‘माझा आहे, मला माहीत आहे कसा घालायचा.’ पट्टा एका झटक्यात खांद्यावर, दांडा हातात, आणि हसली. सगळे दात दाखवून, मान मागे टाकून. मी सतरा फोटो घेतले. शेवटचे चार रंजनाने पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितले.

चांगला फोटो आपण काढत नाही. आपण तिथे असतो फक्त. हे मी कोणाला सांगणार नाही, धंदा बुडेल.

१० फेब्रु.
त्या फोटोत पोटाची घडी दिसते. पुसायला घेतली, मग तशीच ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदा. बाकी बायकांच्या घड्या पुसून पुसून बोट दुखतं माझं. त्या बघून म्हणतात, अगदी मीच वाटते.

२२ फेब्रु.
वैशाली येऊन बारा प्रिंट घेऊन गेली. पाकीट दुकानातल्या जुन्या रजिस्टरांच्या मागे ठेवणार, तिथे नवरा कधी हात घालत नाही म्हणे. नियम सांगितला. महिनाभराने माझ्याकडची फाइल पुसते, कोणाचीही ठेवत नाही. मान हलवली. पंपवाला फोटो तिथेच उभ्याने किती वेळ बघत होती. मग रडायला लागली. रडणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पाणी दिलं.

११ मार्च
धुळ्याहून फोन. वैशालीचा नवरा. आवाज फार गोड. मॅडम, तुमच्याकडे माझ्या मिसेस आल्या होत्या का? मी म्हटलं, कोण येतं ते मी सांगत नाही. म्हणाला, बरं बरं, आम्ही येतोच.
पाकीट सापडलेलं दिसतंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा रजिस्टरं चाळायची बुद्धी झाली.

१२ मार्च
आले. नवरा आणि त्याचे मामा, पिंपळनेरचे, पांढरा सदरा, दोन मोबाइल. त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी स्वतःच सांगितलं. बायका ज्या सोफ्यावर पडून फोटो काढतात त्याच मरून सोफ्यावर दोघं गुडघे जुळवून बसले. मला हसू दाबावं लागलं.

आबा टेबलावर बोट आपटत म्हणाले, ‘बठ्ठा फोटो आठे ठेवा, एकूणएक. निगेटिव्ह बी.’ निगेटिव्ह. या माणसाला शेवटचा फोटो कधी काढलेला आठवतोय कोण जाणे. निगेटिव्ह नसते म्हटलं तर मी चोरच ठरले. मग आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव. पहूर म्हटलं. मग पुन्हा आडनाव विचारलं. मग त्यांनी नवऱ्याकडे बघून मान हलवली, सगळा उलगडा झाल्यासारखी. ती मान मी शाळेपासून ओळखते.

नवरा म्हणाला, वैशालीने घरी सगळं सांगितलंय. ती पासपोर्ट फोटोसाठी आली होती. मी म्हणे तिच्या चहात काहीतरी घातलं. शुद्धीत नव्हती. कपडे पण माझेच.

पासपोर्ट फोटोसाठी धुळ्याहून जळगाव, पाठीवर पंप घेऊन.

कपाटात तिचा फॉर्म आहे. प्रत्येकीकडून भरून घेते, स्वतःच्या अक्षरात. ‘माझ्या मर्जीने.’ कोणते कपडे, सोबत काय आणलं. तिने लिहिलंय, ‘फ्रॉक स्वतः शिवलेला. फवारणी पंप १६ लि., स्वतःचा.’ खाली सही, मोबाइल नंबर. कपाट माझ्या हातापासून दोन फुटांवर होतं. एक मिनिटाचं काम.

मी खिडकीकडे गेले, कशाला ते माहीत नाही. खाली त्यांची गाडी. मागच्या सीटवर वैशाली, शेजारी सासू. काच बंद, उन्हात. सासूने तिचं मनगट धरलेलं, लहान मुलाचं रस्त्यावर धरतात तसं. वैशाली वर बघत नव्हती.

परत आले आणि म्हटलं, फाइल उडवली, कागद आम्ही ठेवत नाही.
दोन्ही खोटं. का बोलले माहीत नाही. तिची कीव आली असं लिहिणार होते, पण कीव नव्हती. राग होता. माझ्यावर चहाचा आळ घेणाऱ्या बाईला त्या दोघांच्या हातात द्यायला जीव तयार होईना, एवढंच.

आबा जाताना म्हणाले, पोलिसात अर्ज देतो. दाराशी त्यांनी रंजनाला वरपासून खालपर्यंत बघितलं. इज्जतीसाठी एवढ्या लांब आलेला माणूस.

१३ मार्च
रंजनाशी भांडण. तिने फॉर्म कपाटातून काढून माझ्यापुढे आपटला. म्हणाली, हा का नाही दाखवला? मी म्हटलं, दाखवला असता तर तिला घरी जिवंत गाडलं असतं. ती म्हणाली, ‘आणि आपल्याला? असोद्यात माझ्या सासऱ्यापर्यंत गेलं तर मला पण कोणी गाडीत बसवून नेईल. तू एकटी आहेस ताई. मी नाही.’
खरं आहे ते. तरी मी तिलाच ओरडले. स्कूटी काढून गेली. ब्रश इथेच राहिलेत.

१५ मार्च
घरमालक नाना वर आले. खाली त्यांचं प्लायवूडचं दुकान. चार वर्षं मला पोरी म्हणतात. म्हणाले, तू चांगली आहेस हे मला माहीत आहे, पण लोक. महिनाअखेर जागा सोड. मी विचारलं, कोणते लोक. नाव एकाचंही सांगता आलं नाही. ‘पण लोक’ हे या गावातलं सगळ्यात वजनदार घराणं. सगळ्यांच्या वतीने बोलतं, कोणी पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी नानांच्या सुनेने माझ्याकडे… जाऊ दे. लिहितही नाही. लिहिलं तर मी पण आबाच.

१७ मार्च
धुळ्याच्या पोलीस ठाण्यातून फोन. बाई हवालदार, आवाज थकलेला. सोमवारी अकराला या, असतील ते कागद घेऊन या. मी विचारलं, बाईने स्वतः तक्रार दिलीय का? म्हणाली, अर्ज नवऱ्याच्या नावाने आहे, खाली तिची सही आहे. तुमची बाजू लिहून घ्यायची आहे.

दु. दोनला अनोळखी नंबर. वैशाली. दुकानातल्या गिऱ्हाइकाचा फोन घेतला होता. कुजबुजत होती. मला वाटलं माफी मागेल. म्हणाली,
‘ताई, त्यांनी सगळे जाळले. पंपवाला तुमच्याकडे आहे का अजून?’

मी म्हटलं, मी तुझ्या चहात काहीतरी घातलं होतं ना? ती म्हणाली, काहीतरी सांगावंच लागलं ताई, समोर माझा पोरगा उभा होता. मागून कोणीतरी युरिया मागितला. ‘देते भाऊ,’ म्हणाली आणि फोन कट.

निर्लज्ज बाई. दिवसभर तोच शब्द फिरतोय डोक्यात. भित्री आणि निर्लज्ज. घरात तोंड उघडायची हिंमत नाही, आणि जिला बुडवलं तिच्याकडेच फोटो मागते. मला तिचा तिटकारा आला. नंतर फाइल उघडली. पाच दिवसांनी पुसायची आहे.

१९ मार्च, रविवार
रंजना आली. ब्रश न्यायला, म्हणाली. नेले नाहीत. उद्या फॉर्म नेणार का विचारलं. नेणार म्हटलं. दाखवणार का? ते माहीत नाही. ती म्हणाली, तू स्वतःला फार मोठी समजतेस. मग माझी इस्त्रीची साडी काढून ठेवली. ठाण्यात कॉटनची नेसून जा, सिल्क नको, म्हणाली.

२० मार्च. धुळे
ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय. वहीत पान घडी करून ठेवलंय, तोच फॉर्म.

साडेअकराला ते आले. आबा नाहीत, नवरा आणि वैशाली दोघंच. हवालदार बाईने आधी वैशालीला एकटीला आत घेतलं. नवरा मागे निघाला तर त्याला म्हणाली, तुम्ही बाहेर बसा. दार लोटून घेतलं. वैशालीने आत जाताना माझ्याकडे बघितलं. त्यातून काही कळलं असं मी म्हणणार नाही.

व्हरांड्यात बाक एकच. नवरा दुसऱ्या टोकाला बसला. येताना दुकानावर दिसलेल्या फलकातल्या फोटोपेक्षा बारीक दिसतो, कोटाशिवाय. मी वही काढली. त्याला वाटलं मी त्याच्याबद्दल लिहितेय. बरोबरच वाटलं.

मग तो बोलला. जमिनीकडे बघत.
‘तुम्ही तिला काय सांगून हसवलं?’
मी म्हटलं, कशाबद्दल.
‘त्या पंपाच्या फोटोत. लग्नाला सतरा वर्षं झाली मॅडम. मी तिला असं हसताना पाहिलं नाही. काहीतरी दिल्याशिवाय माणूस असं हसत नाही.’

म्हणजे चहाची गोष्ट तिची एकटीची नव्हती. अर्धी त्याने स्वतः रचलेली, आणि त्याचा त्यावर खरंच विश्वास होता. दुसरं काही मानायला तो तयारच नसावा. हसावं की थुंकावं कळेना. मी तयार ठेवलेली सगळी वाक्यं निरुपयोगी झाली.

काही नाही सांगितलं, म्हटलं. ती आपली आपणच हसली.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतेय का ते शोधत होता. मग दोन्ही हातांनी तोंड पुसलं, घाम असल्यासारखं, आणि बंद दाराकडे बघत राहिला. आतून वैशालीचा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत. हळू नाहीये मात्र. फोनवर होता तसा तर अजिबातच नाही.

दार उघडलं. हवालदार बाई मलाच बोलावतेय.