सांगलीची अकरा कार्डं

सातारा,
९ मार्च १९७९

प्रिय प्रभा,

हळदीचे सौदे सुरू झाले, म्हणजे तुझ्या सासरी माणसांची रीघ लागली असेल. हे पत्र चारचौघांत वाचू नकोस. सात वर्षांपूर्वीच्या तुझ्या अध्यापिका परीक्षेच्या निकालाबद्दल आहे.

तो निकाल पुण्याला आमच्याच कॉम्प्युटरवर छापला, हे मी घरी मिरवून सांगितलं होतं. कसा छापला, ते नाही. प्रत्येक जिल्ह्याचा भोकं पाडलेल्या कार्डांचा वेगळा गठ्ठा. आधी गुण चढवायचे, मग फेरतपासणीच्या दुरुस्त्या, मग छपाई. मागच्या कामात काही बदललं, तर पुढचं सगळं पुन्हा चालवायचं. हा क्रम मीच ठरवून दिला होता, आणि त्याचा मला केवढा तोरा! सातारा बिनबोभाट पार पडला. तुझ्या सांगलीच्या दुरुस्त्यांची आणखी अकरा कार्डं मात्र उशिरा आली, आणि मशीन दुपारपर्यंतच आमच्याकडे होतं. ऑपरेटर बिराप्पा म्हणाला, आवं साहेब, सांगलीचं परत चालवाय पायजे. मी म्हटलं, दुरुस्त्या काल झाल्यात, ते वगळ आणि छाप. ती कार्डं कुणाची, ते मी पाहिलंसुद्धा नाही.

निकाल घरी मीच आणला. आप्पांनी आधीच बजावलं होतं, पास झाली तर मास्तरीण, न्हाईतर लगीन. तू रडत म्हणालीस, अण्णा, पेपर लय सोपा गेलाय, एकदा बघ की रं. आणि मी शहाणा तुला सांगत बसलो, की मशीन चुकत नसतं. तू विश्वास ठेवलास. वीस दिवसांत तुझं लग्न उरकलं.

महिन्याभराने दुरुस्त यादी निघाली. तीत तुझं नाव होतं. मी तोंड शिवून बसलो. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरी भीती तुझी वाटत होती. पुढे पुणं सोडून साताऱ्याला आलो, तेव्हा तिथली हवा मानवत नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, प्रभा.

परवा तुझं पत्र आलं. सुजाता शाळेत जायला लागली, पण तिचा अभ्यास जाऊबाई घेतात. नापास बाईनं काय शिकवायचं, असं तू लिहिलंस. काल सांगलीला तुझ्या कॉलेजात जाऊन आलो. सात वर्षं तिथल्या कपाटात पडलेलं तुझं प्रमाणपत्र सोबत रजिस्टरने पाठवतोय. रविवारी आप्पांना सगळं सांगणार आहे. तू मला माफ करू नकोस. पण तू पास झाली होतीस, बासष्ट टक्क्यांनी, आणि ते प्रमाणपत्र तुझ्या घरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

तुझाच, तुझा गुन्हेगार भाऊ,
नेमिनाथ