सूपभर कोंडा

डोणगाव, २० फेब्रुवारी १९६१

ती. मायले उकर्ड्याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी इथं बरा आहो. खोकला कमी आहे, त्याची काळजी करू नको. बाळंतीण आशा अन् माही तान्ही लेक कशी आहे? आशाले ताप तर नाही ना?

आम्हा मास्तरांना शिरगणतीवर लावलं आहे. दिवसभर घरोघरी जाऊन माणसं लिहून राह्यलो. माय, घराघरात म्हातारे निघतात ते दगडू, केरू, नाहीतर माह्यासारखे उकर्डा. अन् नातवंडं पाच-पाच, सहा-सहा, सारी जिवंत! त्यांची नावं प्रभाकर, शकुंतला. बाया म्हणतात, देवी टोचल्या, डीडीटी फवारली, तेव्हापासून लेकरं टिकून राह्यली.

मले तुह्यं जातं आठवलं. दळता दळता तू सांगायची, माह्या आधीची चार लेकरं गेली, म्हणून मले जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या तानाबाईनं उचललं, अन् तू सूपभर कोंडा देऊन मले तिच्याकडून विकत घेतलं. मी दरवेळी विचारायचो, सूप भरलं होतं का? तू म्हणायची, सांडत होतं.

धाकट्या भावानं, निवृत्तीनं लिहिलं, तू नातीचं नाव धोंडी ठेवायचं म्हणतेस. नको माय. कोकिळा ठेव. ही राहील.

अन् बारशाच्या दिवशी त्या चौघांचीही नावं मोठ्यानं घे. सरकारी कागदात गेलेल्यांसाठी जागा नाही, अन् मले ती नावं तू कधी सांगितलीच नाहीत.

निवृत्ती, एवढं मायले सावकाश वाचून दाखव.

तुह्या कोंड्याच्या मोलाचा,
उकर्डा