झुबीर जिवंत आहे असं लिहा

मुक्काम अन्नाबा

झुबीर,

तू होडीतून समुद्रापलीकडे जायला निघालास, त्याला आता दुसरा हिवाळा आला. तुझा बेकारभत्ता खात्यात जमा होत राहिला आणि यम्मा तुझ्या कार्डावर तो काढून कपाटात ठेवत राहिली. "माझं पोर रिकाम्या हाताने परतेल," म्हणायची.

मग नियम बदलला. परदेशी गेलेल्यांच्या, मेलेल्यांच्या नावावर लोक भत्ते उचलतात, म्हणून प्रत्येकाने स्वतः येऊन बोटांचे ठसे द्यायचे. तू आला नाहीस, म्हणून यम्माला भत्त्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. मीही गेले.

खिडकीत तुझ्या वर्गातला लमीन होता. हळूच म्हणाला, "मावशी, झुबीर बुडाला एवढं लिहून द्या. मी फाइल बंद करतो. नाहीतर फसवणुकीचा ठपका येईल."

यम्माने पैशांचं पुडकं त्याच्यापुढे ठेवलं. "घे. हातसुद्धा लावलेला नाही."

"पैसे परत केले तरी ठपका राहतोच, मावशी."

"मग राहू दे. झुबीर जिवंत आहे आणि त्याची आई चोर आहे, असं लिही."

लमीनने फाइल पुढे ओढली. मग त्याने तसंच लिहिलं.

आता गल्लीतल्या बायका तिला भत्ताचोर म्हणतात. ती ताठ मानेने बाजारात जाते.

उन्हाळ्यात मला पोलिसांनी बोलावलं होतं, हे तिला ठाऊक नाही. किनाऱ्याला लागलेल्या एका मुलाच्या मृतदेहावर मी विणलेला निळा स्वेटर होता. मी म्हटलं, "हा आमचा नाही."

तुझीच,
नजात