चादरीचं दुसरं टोक

३ मार्च, मंगळवार

फायनान्सवाला आज थेट कामावर आला! इस्पितळाच्या धुलाईघराच्या मागच्या दाराशी, मळक्या कपड्यांच्या गाड्या उतरतात तिथे उभा. एका हातात फाइल, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल. म्हणाला, "बाई, फोन उचलत नाही तुम्ही." मी म्हटलं, हात ओले असतात. त्यात खोटं काही नव्हतं.

सगळ्या बघत होत्या. माझी टेबलावरची जोडीदारीण शिट्टी मात्र पुढे आली आणि एक भरलेली गाडी त्याच्या अंगावर ढकलत म्हणाली, "सरका साहेब, संसर्गाच्या वॉर्डातली आहे." तो चार पावलं मागे. गाडीत साधे उशांचे अभ्रे होते. नंतर आम्ही पोट धरून हसलो. मग मी संडासात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत टेबलावर आले.

४ मार्च, बुधवार

पगार झाला. पतपेढीचा हप्ता कापूनच हातात येतो. उरलेल्यातून फायनान्सवाला. त्यातून उरलं तर घरमालकीण. त्यातून उरलं तर आम्ही. या महिन्यात आमच्यापर्यंत रांग आलीच नाही.

हे म्हणाले, "निघेल गं मार्ग." चार वर्षं निघतोच आहे. टेम्पो घेतला तेव्हाही हेच म्हणाले होते. कर्ज माझ्या नावावर, कारण कायमची नोकरी माझी. टेम्पो वर्षभर पळाला, मग इंजिन गेलं. इंजिनासाठी दुसरं कर्ज. इंजिन आलं तर ह्यांची पाठ गेली. शेवटी टेम्पो भंगारात गेला आणि हप्ते घरी राहिले. ह्यांना मी बोलत नाही. माणूस आधीच वाकलेला आहे, पाठीने आणि एरवीही.

६ मार्च, शुक्रवार

कँटीनच्या भिंतीवर कागद लावलाय. मोफत कायदा सल्ला, दर बुधवारी दोन ते पाच. तीनदा त्याच्यापुढून गेले. तिसऱ्यांदा वाचला.

११ मार्च, बुधवार

गेले. मुकादमाला सांगितलं, डोळे तपासायचेत.

वकीलबाई माझ्या भाचीच्या वयाची. सर्दीने बेजार. माझे सगळे कागद तिने एकावर एक नीट लावले आणि विचारलं, "तुमच्या पगारात हे किती वर्षांत फिटेल असं वाटतं?" मी बोटं मोजायला लागले. ती म्हणाली, "राहू द्या. नाही फिटणार."

इतक्या वर्षांत हे कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. राग यायला हवा होता. मला तर कोणीतरी पाठीवरची गोणी उतरवून घेतल्यासारखं झालं.

मग तिने तो शब्द काढला — नादारीचा अर्ज. न्यायालय जे आहे ते पाहणार, द्यायचं ते देणार, बाकीचं माफ. लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं दिवाळं निघालं तेव्हा आमचे वडील आवाज खाली घेऊन बोलत, जणू त्याला रोग झालाय. वकीलबाईंना हे सांगितलं. त्या नाक शिंकरून म्हणाल्या, "बाई, हा गुन्हा नाही, सोय आहे."

येताना दोन थांबे आधीच उतरले आणि चालत घरी आले. बुटाचा तळ उकललाय, पाणी आत येतं. तरी चालले.

१३ मार्च, शुक्रवार

वकीलबाईंनी घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी मागितली आहे. ह्यांनी लिहायला घेतली. अक्षर चांगलं आहे ह्यांचं, तेवढंच.

"रेडिओ. चालू म्हणून लिहू?"

"चापट मारली की चालतो."

"मग चापटीसह लिहितो."

कपाट, पलंग, शिलाई मशीन, सहा खुर्च्या — त्यातली एक तीन पायांची. सगळं एका पानावर आलं, आणि पान खाली मोकळंच राहिलं. सव्वीस वर्षांचा संसार! हे म्हणाले, "आणि मला कुठे लिहू? मालमत्तेत की देण्यात?" मी म्हटलं, खुर्चीशेजारी लिहा, तीन पायांच्या. हसले.

ही वही यादीत लिहायची का? धुलाईघराच्या जुन्या आवक-जावक वहीची मागची कोरी पानं आहेत. माझी मालमत्ता नाहीच मुळी.

१६ मार्च, सोमवार

शिट्टीची अर्धी रजा. दात काढायला गेली म्हणे. मला नवी जोडीदारीण दिली, तिला चादर धरताच येत नाही.

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. समोरासमोर उभं राहायचं, दोघींनी दोन-दोन टोकं धरायची. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. दिवसाला चारशे वेळा. अकरा वर्षं शिट्टी चारशे वेळा माझ्याकडे चालत येते. तोंडाने सारखी शिट्टी, म्हणून हे नाव. पहिल्यांदा मुकादमाने टोकलं, बाईमाणसाने शिट्टी वाजवू नये. ती म्हणाली, "बरं, मग गाते." गायली. पुन्हा कोणी टोकलं नाही.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत" म्हणतात. मी रोज चारशे अंथरुणं पाहते, तरी ही गत.

१८ मार्च, बुधवार

सगळं फिस्कटलं.

वकीलबाई अर्ज भरत होत्या. पतपेढीच्या कर्जापाशी थांबल्या. "याला जामीन कोण?"

मी सहज सांगितलं, माझी टेबलावरची मैत्रीण. आमच्या पतपेढीची रीतच आहे — कर्ज हवं तर एका सभासदाची सही लागते, आणि कारकून विचारतो, "टेबलाची जोडी कोण?" झालं. शिट्टीच्या मुलीला नर्सिंगला घातलं तेव्हा तिच्या कागदावर मी सही केली. टेम्पोच्या वेळी माझ्या कागदावर तिने. वाचलं कोणीच नाही. पाण्याचा ग्लास पुढे करावा तशा आम्ही सह्या करतो.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचं कर्ज माफ होईल. जामिनाचं होत नाही. पतपेढी तिच्याकडून वसूल करेल. तिच्या पगारातून."

"सगळं?"

"सगळं."

शिट्टीच्या घरी आजारी सासू, शिकणारी मुलगी आणि तिचा एकटीचा पगार. नवरा कधीच सोडून गेला. वकीलबाई म्हणाल्या, "तिला आधी सांगा. नोटीस तिच्याकडे जाणारच आहे. कागदावरून कळण्यापेक्षा तोंडून कळलेलं बरं."

१९ मार्च, गुरुवार

नाही सांगितलं.

२० मार्च, शुक्रवार

आज सांगायचंच असं ठरवून गेले. चादर ताणली, झटकली, ती चालत आली. चेहरा हातभर अंतरावर. म्हटलं, आता. तिने माझ्या हातात टोकं दिली आणि गेली पुढची घ्यायला. चारशे वेळा संधी आली नि चारशे वेळा गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तीही आज वाजवत नव्हती. दात दुखत असेल.

२३ मार्च, सोमवार

शिट्टीचा पुन्हा दात, पुन्हा अर्धी रजा. मी म्हटलं, अगं, तोंडात काही शिल्लक आहे का? तिला हसू आलं नाही.

आणि गंमत म्हणजे दुपारी एका अभ्र्यात खरोखरची कवळी सापडली! वरची, पूर्ण. कुठल्यातरी आजोबांची. वॉर्डात परत पाठवली. शिट्टी असती तर दिवसभर पुरली असती ती कवळी आम्हाला.

२५ मार्च, बुधवार

अर्ज तयार आहे. फक्त माझी सही. वकीलबाई म्हणाल्या, "बोललात तिच्याशी?" मी म्हटलं, एक आठवडा द्या. घरमालकीणही आठवडाच देते आहे. आठवडे मागण्यात मी आता पटाईत झाले आहे.

ह्यांना जामिनाचं सांगितलं. म्हणाले, "तिला बुडवून आपण तरायचं? तू म्हणशील तसं." तू म्हणशील तसं! सगळं माझ्यावरच. आज पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले. नंतर वाईट वाटलं.

२७ मार्च, शुक्रवार

आज भलतंच झालं. जेवणाच्या सुट्टीत शिट्टी शेजारी येऊन बसली. डबा उघडला नाही. म्हणाली, "ताई, एक सांगायचं होतं तुला."

हिला कळलं! चोराच्या मनात चांदणं — कोणीतरी मला बुधवारी त्या खोलीत शिरताना पाहिलं असणार. मी उठलेच. म्हटलं, नंतर सांग गं, मुकादमाने बोलावलंय. कोणी बोलावलं नव्हतं. वाफेच्या खोलीत जाऊन उगाच उभी राहिले, सुट्टी संपेपर्यंत. ती तिथेच बसून होती, बंद डब्यावर हात ठेवून.

पन्नाशी उलटली माझी. लाज वाटते.

३० मार्च, सोमवार

शिट्टीने मला बूट दिले.

सकाळी पिशवी पुढे केली. रबरी तळाचे, काळे, नवे करकरीत. म्हणाली, "मी घेतले होते, मला चावतात. तू घाल." घालून पाहिले. अगदी बरोबर! शिट्टीचा पाय माझ्यापेक्षा दोन बोटं लहान. तिला चावतीलच कसे, तिच्या पायात ते राहिलेच नसते. माझ्यासाठीच आणलेत. माझा उकललेला तळ तिने पाहिला असणार, आणि उपकार वाटू नयेत म्हणून ही थाप.

मी म्हटलं, अगं, कशाला? ती चादरीकडे बघत म्हणाली, "असू दे गं. तुझ्यासाठी कधी काही केलं नाही मी."

तिने माझ्यासाठी काही केलं नाही! आणि मी तिच्या मुलीच्या तोंडचा घास काढायला निघाले आहे. दिवसभर कोरड्या पायांनी उभी होते आणि एकेक चादर जड होत होती.

१ एप्रिल, बुधवार

वकीलबाईंना नाही म्हणून सांगितलं.

त्यांनी पुन्हा विचारलं, "नीट विचार केलात? तुम्ही यातून बाहेर येणार नाही." मी म्हटलं, मला सवय आहे, तिला नाही. त्यांनी अर्ज फाडला नाही, फाइलीत ठेवला. म्हणाल्या, "बुधवारी मी इथेच असते."

तिथून फायनान्सवाल्याकडे गेले. दोन वर्षं वाढवून दिली, व्याजही वाढवलं. फिटेल तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची असेन. रविवारची पाळीही मागून घेतली. ह्यांनी शिलाई मशीन स्वतःच विकायला नेलं, पाठ धरून. आल्यावर घरमालकिणीच्या हातात पैसे ठेवले आणि मला म्हणाले, "बरं केलंस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

सुटले नाही. तरी मान वर करून घरी आले.

२ एप्रिल, गुरुवार

आज शिट्टीच्या डोळ्यांत डोळे घालून काम केलं. किती दिवसांनी! मला इतकं मोकळं वाटत होतं की मीच शिट्टी वाजवून पाहिली. नुसता वारा. शेजारच्या टेबलावरची ती नवी बाई हसली, मुकादम हसला. शिट्टी हसायला गेली आणि एकदम तिचे डोळे भरून आले. म्हणाली, वाफ गेली डोळ्यांत.

म्हटलं, त्या दिवशी काय सांगायचं होतं गं तुला?

"राहिलं ताई. आता उशीर झाला."

म्हटलं, मग महत्त्वाचं नसेल.

७ एप्रिल, मंगळवार

न्यायालयाचं पाकीट आलं. मी म्हटलं, चुकून आलं, मी तर सही केलीच नव्हती. ह्यांनी वाचून दाखवलं.

अर्जदार — शिट्टी. नादारीचा अर्ज, तेवीस मार्चचा, सोमवारचा. मुलीच्या नर्सिंगचं कर्ज. जामीनदार — मी. वसुली माझ्या पगारातून. पत्ता तिच्या हातचा आहे, गोल अक्षरात, "मागचा जिना, तिसरा मजला" सकट.

ह्यांनी विचारलं, "आता?" तिच्या अर्जात तिची माझ्यासाठीची जामीनकीही सुटणार; आता मला अडवायला कोणी राहिलं नाही. उद्या बुधवार आहे. वकीलबाई दोनला बसतात.

पण त्याआधी सकाळी आठला मोठ्या चादरी आहेत. ती समोर उभी असेल. बूट दाराशी आहेत, तेच घालून जावं लागेल. दुसरे नाहीत.