मधली जागा

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका. हाताशी फोन असताना वहिनीला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुमच्या मनात येणारच. पण फोनवर तुम्ही आधी तब्येत विचारता, मग तिकडची हवा सांगता, आणि मी तोंड उघडते तेवढ्यात तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. दरवेळी येतं हो! चष्म्याचं दुकान इतकं धो धो चालत असेल तर आनंदच आहे. पण मला जे सांगायचंय ते गिऱ्हाईक यायच्या आत संपणारं नाही, म्हणून कागद पुढे ओढला. पडद्याचं कापड कापून झालंय, शिवायला उद्या घेईन.

आधी बातमी. आपल्या अंतराळयानाच्या सिनेमाचा आठवा, म्हणजे शेवटचा भाग येतोय. चौकातल्या थिएटरवर पोस्टर लागलंय. कप्तान पार पिकलाय, आणि त्याच्या यानावरचे आपले भाचेबुवा इतके गंजलेत की यंत्रमानव आहे की जुनी बादली, कळत नाही. तुम्ही यायचं. तिघांनी मिळून बघायचा आणि मार्क द्यायचे. माझं मागणं एवढंच आहे आणि ते मी सुरुवातीलाच मागून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत तुमचा जीव टांगणीला नको. बाकीचं वाचा आणि मग काय ते ठरवा.

पहिला भाग आठवतो ना? मी या घरात नवी होते, तुम्हाला नुकती मिसरूड फुटत होती, आणि गणिताच्या वहीत गणितं सोडून नुसती यानं काढलेली असायची. लग्नानंतरचा आमचा पहिला सिनेमा, आणि तुमच्या दादांनी तीन तिकिटं आणली. मधे तुम्ही. हे मी माहेरी सांगितलं तेव्हा माझ्या आईने कपाळाला हात लावला होता. पण मला खरं सांगायचं तर राग आला नाही. तुम्ही लाह्यांची पुडी आळीपाळीने दोन्ही बाजूंना धरत होतात, आणि कप्तानाचं यान पहिल्यांदा उडालं तेव्हा तुम्ही एका हाताने त्यांचा दंड धरलात आणि दुसऱ्याने माझा. त्या दिवशी मला वाटलं, चला, आपण आता या घरातल्या झालो.

बाहेर आल्याआल्या मात्र तुम्ही दोघं एकदम बोलायला लागलात. कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. माझं डोकं उठलं. तेव्हा मी म्हटलं, आधी दोघांच्या तोंडाला कुलूप, आणि लाँड्रीसमोरच्या बाकापर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. बाकावर बसायचं, हात पाठीमागे घ्यायचे, मी तीन म्हटलं की हात पुढे. जितकी बोटं तितके मार्क. म्हणजे नियम माझा आहे बरं का, पुढे तुमच्या दादांनी तो असा काही पाळला की जसा सरकारी कायदा. लाँड्रीवाल्याला कितीतरी वर्षं वाटायचं की या घरात अधूनमधून जबरदस्त भांडण होतं, मग तिघं तोंड शिवून येतात आणि बाकावर बसून बोटं दाखवत समेट करतात.

आणि तिघं असल्याशिवाय मार्क नाहीत, हे कलम त्यांचं. तिसऱ्या भागाच्या वेळी तुम्ही तापाने फणफणला होतात. मी म्हटलं, आपण दोघं बघून येऊ, त्याला नंतर दाखवू. तर यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तुम्हाला विकायला काढलंय. थांबलो. पोस्टर उतरायच्या बेतात असताना रिकाम्या थिएटरात आपण तिघांनी तो पाहिला, तुमच्या गळ्याला मफलर आणि मांडीवर औषधाची बाटली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सिनेमाला नेऊ नये, हे मला दुसऱ्या भागातच कळलं. जग बुडतंय, ग्रह फुटतायत, आणि हे आपले दारांकडे बघतायत. हे दार असं मिटणार नाही, याचा रूळ कुठाय, मधे कुणाचा हात आला तर? दर चुकीच्या दारामागे एक बोट दुमडायचं. आणि मी तरी काय वेगळी? चौथ्या भागात तो मुकादम, इतक्या ग्रहांचा मालक, एवढा मोठा झगा घालून जिना उतरतो आणि त्याचं अस्तर बघावं तर ओढलेलं. मी एक मार्क तिथेच कापला. तुम्ही तेवढे दिलदार. सगळ्याला दहा. दुसऱ्या भागाला दहा बोटं पुरली नाहीत म्हणून चपला काढून पायही वर केलेत, आणि यांनी ते मोजायला साफ नकार दिला.

हे सगळे मार्क आपण कधी कुठे लिहून ठेवले नाहीत. गरजच काय होती? तुमच्या दादांना तोंडपाठ होते. जेवताना कुणी नुसता विषय काढायचा अवकाश, कोणी किती दिले, का दिले आणि त्या दिवशी कुणाच्या अंगात काय होतं, सगळं घडाघडा सांगायचे.

मग पाचवा भाग. तुम्हाला नको असेल, पण मला त्याबद्दल लिहायलाच हवं. त्या दिवशी सकाळी तुम्ही सांगितलंत की दूरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात भागीदारी मिळतेय आणि तुम्ही हो म्हणून बसलाय. हे म्हणाले, छान झालं. एवढंच म्हणाले आणि बुटाची नाडी बांधत बसले, ती काही लवकर बांधून होईना. मग आपण सिनेमाला गेलो, आणि नेमकं त्यात काय असावं? कप्तानाचा तरुण साथीदार यान सोडून निळ्या ग्रहावर उतरतो, कायमचा. सगळे ओरडतायत, निघा, निघा, आणि कप्तान दार लावतच नाही. तो पोरगा ठिपक्याएवढा होतो तरी दार उघडंच. तुम्ही रडलात, मी पाहिलं. हे समोर बघत होते, एकटक.

बाकावर तुमची दहा बोटं, माझी सात, आणि यांचं एक. एकच! मग काय बोलणं झालं ते तुम्हीही विसरला नसाल. हे म्हणाले की बाहेर हवा नाही, दार असं उघडं राहिलं तर आतलं सगळं बाहेर फेकलं जाईल, लिहिणाऱ्याला अक्कल नाही. तुम्ही म्हणालात, प्रश्न दाराचा नाहीच. ते म्हणाले, माझ्यासाठी दाराचाच आहे, आणि तुला जायचं तर जा, इथे कुणी दार धरून उभं राहणार नाही. मग तुम्हीही काही कमी बोलला नाहीत. लाँड्रीवाला हातात इस्त्री घेऊन बाहेर आला. सिनेमावरून सख्खे भाऊ असं भांडतात का? भांडण सिनेमाचं नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं.

तेव्हापासून सहावा आला, सातवा आला. तुम्ही तिकडे पाहिलेत. यांनी पाहिलेच नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलं. दोन्ही भाग बिनमार्कांचे राहिले. तुम्ही येता, मला नवी फ्रेम आणता, हे तुमच्या बॅगेच्या चाकांना तेल घालतात, दोघं हवापाण्याबद्दल बोलता आणि तुम्ही जाता. परक्या पाहुण्यांसारखे वागता दोघं, आणि मी मधे चहा ओतत बसते. चीड येते मला, आज लिहूनच टाकते.

आता जे फोनवर सांगता आलं नाही ते. निवृत्त झाल्यावरही सोसायटीतली लिफ्ट अडली की लोक यांनाच बोलवायचे. तुम्ही शेवटचे येऊन गेलात त्यानंतर एकदा असेच गेले, बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. लिफ्टचं झाकण उघडलेलं, हातात पेचकस, आणि हे तारांकडे बघत उभे. मला म्हणाले, हे कुणी जोडलंय गं? भाऊजी, ते त्यांनीच जोडलं होतं. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, तो वाढत जाणार, औषधाने जरा हळू वाढेल एवढंच. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. कीव करून आलेला भाऊ मला नको, म्हणाले. मी शपथ पाळली. पण आता शपथ घातल्याचंच ते विसरलेत, मग मी एकटीने ती कुठवर सांभाळू?

घाबरू नका, दिवस वाईट नाहीत. जेवतात, फिरतात, माझ्या शिलाईला नावं ठेवतात. दुपारी मशीनचा आवाज त्यांना नको होतो, म्हणून मी आपले जुने भाग लावून द्यायला लागले. आणि काय सांगू, त्यांना प्रत्येक भाग नवा! मुकादम दगाबाज निघतो तेव्हा दरवेळी तोंडाचा आ होतो. भाचेबुवांच्या त्याच विनोदाला तसेच खदाखदा हसतात. सुरुवातीला मी पदराआड रडले, नंतर मीही हसायला लागले. दारांना शिव्या मात्र जशाच्या तशा आहेत.

पण सिनेमा संपला की बोलत नाहीत. मला आधी कळेना. टीव्ही बंद केला की उठतात, तोंड मिटून गॅलरीतल्या बाकापर्यंत चालत जातात, एका टोकाला बसतात आणि हात पाठीमागे घेतात. मी दुसऱ्या टोकाला बसले, हात मागे घेतले, तीन म्हटलं आणि माझी बोटं पुढे केली. यांचे हात मागेच. आमच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, मधला येऊ दे की. तेव्हापासून हे असंच चाललंय. पहिला भाग झाला, दुसरा झाला, चारही भाग किती वेळा झाले. मार्क कुणालाच नाहीत. मधला यायचाय.

पाचवा भाग लावायचं मी टाळत होते. परवा सीडीच्या डब्यांतून त्यांनीच तो काढून दिला, वरचं चित्र आवडलं म्हणून. म्हटलं, बघू दे. तो दाराचा प्रसंग आला तेव्हा मी शिवण खाली ठेवली आणि दारावर आता काय काय ऐकावं लागणार याची वाट बघत बसले. हे खुर्चीत पुढे सरकले. तो पोरगा लांब लांब गेला, कप्तान तसाच उभा. आणि तुमचे दादा हळूच म्हणाले, दार उघडं ठेवलं, बरं केलं. हवेबद्दल एक अक्षर नाही. मग गॅलरीत जाऊन बसले, हात पाठीमागे. मी चहा द्यायच्या निमित्ताने मागून गेले आणि नियम मोडून डोकावले. किती बोटं उघडी होती ते मी पाहिलंय. सांगणार नाही. तो निकाल तुम्ही समोर बसून घ्यायचा.

आता पत्र आजच का, ते सांगते. दुकानाच्या नव्या पाटीखाली उभं राहून काढलेला तुमचा फोटो आला, तो मी यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि अगदी अदबीने मला विचारलं, कोण हो हे गृहस्थ? चष्मा छान आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. भाऊजी, तुमचा चेहरा गेलाय त्यांच्यातून. पण मधली जागा अजून गेलेली नाही. ती किती दिवस राहील ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, म्हणून म्हणते, निघा. आणि आल्यावर एक करा, ओळखलंस का दादा, असं विचारू नका. सगळे विचारतात, आणि ते ओशाळतात. नाव सांगू नका, पायाही पडू नका. थिएटरात आमच्या मधे बसा, लाह्यांची पुडी दोन्हीकडे धरा. सिनेमा सुटला की लाँड्रीसमोरच्या बाकापर्यंत गप्प चला, मधे बसा आणि हात पाठीमागे घ्या. तेवढं केलंत की त्यांना कळेल कोण आलंय. तीन मी म्हणेन.

तुमचीच,
वहिनी