हनुवटीखालचा हात

चेन्नई, मंगळवार संध्याकाळ

आज वर्गातली माझी जोडीदार सेल्वी हिने माझ्या हनुवटीखाली तळहात धरला आणि सगळंच बदललं. कॉल सेंटरसाठीच्या इंग्रजी वर्गात शब्द असेच तोडायला शिकवतात. जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे, आणि मोजायचं जोडीदाराने. मला आला 'बटरफ्लाय'. मी ठासून सांगितलं, बटर आणि फ्लाय, दोनच.

"शब्द दोन जोडलेत डा, पण जबडा तीनदा आला," सेल्वी म्हणाली; तिचं 'डा' म्हणजे आपलं 'रे'. "परत म्हण."

मागच्या बाकावरून गणेशन म्हणाला, "कॉलेज अर्धं सोडलं, आता शब्दही अर्धाच?"

एरवी मी त्याची कॉलर धरली असती. पण तिचा हात अजून तिथेच होता, उबदार, जरासा खडूने माखलेला. मुकाट्याने परत म्हणालो. तीन. माझा राग गेला कुठे?

उद्या जोड्या बदलणार. तिचा हात गणेशनच्या हनुवटीखाली... नाही, आजच सांगायला हवं. सात वाजता ती बसस्टॉपवर असते. काय बोलणार, ठाऊक नाही. नाही म्हणाली तर?

आई आतून विचारतेय, "आता कुठे रे?" आलोच म्हणतो. पेन ठेवतो, चपला घालतो आणि ती पुढे काही विचारायच्या आत दार ओढून घेतो.