जड ग्रहावर हळू उतरताना

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरल्यापासून एवढा वाकलो तर उठवायला माणूस लागतो.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? तीन वर्षांत तुझं पत्र नाही आणि फोन केला तर वहिनीच उचलते, तेव्हा तब्येत ठणठणीत असणार असं मी धरून चाललो आहे.

इकडे मी एक ग्रह शोधला आहे. हसू नकोस. थोरलीने तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. म्हणाली, "बाबा, दुकान बंद झाल्यापासून तुम्ही घरातले डबे तोलत बसता, त्यापेक्षा हे खेळा." खेळ असा की यान घेऊन एकट्याने आकाशात भटकायचं. त्यातले मोठे ग्रह बहुतेक नुसते वायूचे, पाय ठेवायची सोय नाही. ज्यांवर उतरता येतं ते अगदीच किरकोळ आणि हलके. मला मिळाला तो मात्र उतरण्याजोगा असून आपल्या पृथ्वीच्या नऊपट ओढीचा! खेळणारी मंडळी अशा जड ग्रहांची यादी ठेवतात. त्यात नाव लागायचं तर तिथे धडपणे उतरून दाखवावं लागतं.

आता चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस पडद्यावरचा आकडा मुकाट्याने खरा मानेल का? खात्री करायला गेलो. जमीन जवळ आली आणि जुनी खोड उफाळून आली: काटा थरथरत असताना वाचायचा नाही, आधी सगळं शांत होऊ द्यायचं. म्हणून मी इंजिन बंद केलं. दादा, नऊपट ओढीच्या ग्रहावर! काटा शांत झाला, आणि त्याबरोबर मीही. थोरली म्हणाली, "बाबा, तुम्हाला ग्रह तोलायचा नव्हता, त्यावर उतरायचं होतं." तेव्हापासून आणखी अकरा यानं फोडली. (बायकोने शेजारी सांगून ठेवलंय की मी विमान चालवायला शिकतोय. शेजारच्यांनी प्रवास पुढे ढकलला म्हणे.)

बाराव्यांदा आपटलो तेव्हा मात्र दुकानाची फार आठवण झाली. ती बोळासारखी अरुंद खोली, भिंतीला टांगलेली पितळी पारडी, आणि वाऱ्याने काटे हलतात म्हणून भर उन्हाळ्यात बंद ठेवलेला पंखा. वीस किलोचं वजन एकट्याने उचलायचं नाही, हा वडिलांचा नियम. डावीकडे मी, उजवीकडे तू. तू "हळू" म्हणायचास आणि वडील डोळे मिटून बसायचे. टेकताना जरा आवाज झाला की पुन्हा पहिल्यापासून! आवाज नेहमी माझ्याच बाजूने व्हायचा आणि तू दर वेळी "माझा हात निसटला" असं सांगायचास. तेव्हा मला ते ओझं कधी जड वाटलं नाही.

दुकान आवरलं त्या दिवशी तू सगळं मला ठेवलंस आणि फक्त ते वजन मागितलंस. मी म्हणालो, भंगारात गेलं. तू तसाच उठलास. छत्री विसरून निघून गेलास.

वहिनीला नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. यानात शेजारी दुसरी खुर्ची आहे, ती रिकामी असते. तिथे "हळू" म्हणणारा कोणी असेल तर उतरणं जमेल असं मला वाटतं. यादीत आधी तुझं नाव घालू.

आणखी एक ता. क. वजन भंगारात गेलेलं नाही. माझ्या टेबलाखाली आहे, आत्ताही त्यावर पाय ठेवून लिहितो आहे. (वडील माफ करोत.) खोटं बोललो. तेही तुझ्याबरोबर गेलं असतं तर तुला इकडे यायला कारणच उरलं नसतं, असं तेव्हा वाटलं. अक्कल बघ माझी, यायचं कारण ठेवलं आणि तुलाच घालवून बसलो. ते तुझं आहे, घेऊन जा. मी पाठवू शकत नाही. वडिलांचा नियम तुला ठाऊक आहे, उचलायला दोघं लागतात.